वेबसाठी फाईल काढताना केशरी विटू नये म्हणून

दिवाळी झाली की वडसा-ब्रह्मपुरीकडे झाडीपट्टी नाटकांचा हंगाम लागतो, अन् पोस्टरची कामं सुरू होतात. एकच डिझाइन फ्लेक्सवाल्याकडेही जातं आणि व्हॉट्सअ‍ॅपवरही फिरतं. नवखे इथेच घोळ करतात. छपाईसाठी केलेल्या सीएमवायके (छपाईच्या चार शाईंत मोजलेले रंग) फाईलचीच जेपीईजी काढून मोकळे होतात. सीएमवायकेत झगझगीत केशरी, पोपटी आधीच दबलेले असतात. नंतर आरजीबी (पडद्याचे लाल, हिरवा, निळा) केलं तरी गेलेला रंग परत येत नाही. मूळ फाईल आरजीबीतच ठेवा, छपाईची प्रत अगदी शेवटी वेगळी काढा.

आरजीबीतही भाऊबंद आहेत. वेबसाठी एसआरजीबी, म्हणजे ब्राउझर सहसा धरून चालतो तो रंगांचा संच. फाईल अ‍ॅडोबी आरजीबी या त्याहून मोठ्या संचात असेल, तर एसआरजीबीतला गच्च लाल, म्हणजे लाल-हिरवा-निळा यांचे आकडे २५५, ०, ०, तिथे २१९, ०, ० असा लिहिलेला असतो. एक्स्पोर्ट करताना प्रोफाइल (आकडे कुठल्या संचातले हे सांगणारी फाईलमधली चिठ्ठी) गळून पडलं की ब्राउझर त्या २१९ ला एसआरजीबी समजून वाचतो आणि लाल मळकट दिसतो. मग पोरं सॅच्युरेशन वाढवत बसतात. तो उपाय नव्हे; दुसऱ्या ठिकाणी तीच फाईल भडक दिसेल.

फोटोशॉपमध्ये एडिट मेनूत ‘कन्व्हर्ट टू प्रोफाइल’ घ्या, एसआरजीबी निवडा. शेजारच्या ‘असाइन प्रोफाइल’ला हात लावू नका: त्यात आकडे तेच राहतात, दिसणारा रंग बदलतो. कन्व्हर्टमध्ये आकडे बदलतात, रंग शक्य तितका तोच राहतो. ‘एक्स्पोर्ट अ‍ॅज’मध्ये एसआरजीबीत बदलण्याच्या आणि प्रोफाइल जोडण्याच्या, दोन्ही खुणा करा. प्रोफाइल जेमतेम ३ केबीचं असतं, ते वाचवून काही मिळत नाही. पैसे नसतील तर क्रिटा, गिंप फुकट आहेत. गिंपमध्ये इमेज मेनूतल्या ‘कलर मॅनेजमेंट’खाली हीच सोय मिळते.

नाटकाचं नाव लाल अक्षरात असेल तर पीएनजी काढा. जेपीईजी जागा वाचवायला बऱ्याचदा रंगाची माहिती अर्ध्या रिझोल्यूशनवर आणते, त्यामुळे लाल अक्षरांच्या कडा फुटतात. फोटोच जास्त असले तर जेपीईजी चालेल, क्वालिटी ८५ च्या आसपास. गिंपमध्ये सबसॅम्पलिंग, म्हणजे रंगाची ही कपात, ४:४:४ निवडून बंद करता येतं.

काढलेली फाईल बंद करून पुन्हा उघडा आणि आयड्रॉपरने (रंगाचे आकडे दाखवणारं टूल) तोच लाल तपासा. २५५ च्या आसपास आला पाहिजे. डोळ्यांवर फार भरवसा ठेवू नका, त्यातही लाइट गेलेली असताना मुळीच नाही: बॅटरीवर आलेले बरेच लॅपटॉप ब्राइटनेस उतरवतात, काही तर कॉन्ट्रास्टही बदलतात. फोनवर बघायचं तर नाइट मोड बंद करा, डिस्प्ले ‘व्हिव्हिड’वरून ‘नॅचरल’वर आणा, आणि एखाद्या स्वस्त एलसीडी फोनवरही बघा, कारण गावात पोस्टर बघणाऱ्यांकडे तसेच फोन जास्त असतात.

पाठवताना फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून गेला की व्हॉट्सअ‍ॅप तो पुन्हा दाबून लहान करतं, पीएनजीचीही जेपीईजी होते.