ग्रुपवर वाद पेटला तर डोकं थंड कसं ठेवायचं

जळगाव-धुळ्याकडच्या गावग्रुपवर भांडण अनोळखी माणसाशी क्वचितच होतं. समोरचा भाऊबंद असतो, बांधाला बांध लागलेला शेतकरी असतो, नाहीतर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ज्याच्या निंबाला आपल्या लेकीबाळींचा झोका बांधतात तो असतो. म्हणून अलिप्त राहायचं ते माणसापासून नाही, आपल्याला आलेल्या रागापासून.

सुरुवात शरीरापासून करा. मेसेज वाचून कान तापले, छाती धडधडली, अंगठा आपोआप टाइप करू लागला की फोन उपडा ठेवा. 4 मोजत नाकानं श्वास घ्या, 6 मोजत सोडा, असं दहा वेळा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात, म्हणून सोडणं लांबवायचं. बरेच जण श्वास मोजता मोजता मनात उत्तर रचत बसतात आणि आणखी तापतात. तसं होत असेल तर उठा, गुरांना पाणी दाखवून या. वीसेक मिनिटं तरी जाऊ द्या. भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. अशा उन्हातून आल्या आल्या किंवा उपाशीपोटी तर उत्तर देऊच नका.

मग उत्तर लिहा, पण ग्रुपच्या चौकटीत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच मेसेज पाठवता येतो, तिथे लिहा. त्यातून ‘तू’, ‘तुम्ही लोक’, ‘नेहमीच’, ‘अक्कल’ हे शब्द खोडा. उरतो तो मुद्दा. कधी काहीच उरत नाही. मग पाठवायचं कारणही उरत नाही.

समजा कोणी लिहिलं, “रावेरला केळीला चांगला भाव आहे, तुझाच माल खराब.” मालाची बाजू मांडत बसू नका. विचारा, “हा भाव कोणत्या तारखेचा? नवतीचा की पिलबागेचा?” (नवती म्हणजे नव्या लागवडीची केळी, पिलबाग म्हणजे आधीच्या झाडाच्या पिलांवर घेतलेली.) अशा प्रश्नाला माहितीच द्यावी लागते, टोमणा चालत नाही.

एका वादात दोनच उत्तरं. व्हॉइस नोट अजिबात नको: चढलेला आवाज तसाच्या तसा दहा ग्रुपवर फिरतो. पाठवलेला मेसेज 15 मिनिटांत बदलता येतो, सगळ्यांसाठी पुसताही येतो, पण पुसल्याची खूण राहते आणि स्क्रीनशॉट तोवर निघालेला असतो.

ग्रुप तडकाफडकी सोडू नका, 8 तास म्यूट करा. ते कोणाला कळत नाही. कोणी नाव टॅग केलं तर मात्र सूचना येऊ शकते.

तिसरं उत्तर द्यावंसं वाटलं तर सरळ फोन लावा आणि अहिराणीत बोला. टाइप केलेली मराठी नोटिशीसारखी कडक लागते, “काय चालू शे, आबा?” म्हटलं की दोघांचाही आवाज उतरतो. आधी कपाशीचं, पाण्याचं विचारा, मग मुद्दा काढा. बोलणं संपलं की ग्रुपवर एकच ओळ टाका: “आबांशी बोलणं झालं.” नाहीतर बघे रात्रभर दोघांना डिवचत राहतात.