क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी : ग्रिडपासून नकाशापर्यंत या चुका टाळा

प्रथिनांचे रेणू झटकन गोठवून इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याच्या या तंत्रात रेणूची प्रतिमा धूसर आली की नवा संशोधक आधी सूक्ष्मदर्शकाला दोष देतो. प्रत्यक्षात दोष बहुधा ग्रिडवर (नमुना धरणाऱ्या बारीक जाळीवर) किंवा त्याही आधी, प्रथिनाच्या द्रावणातच असतो. म्हणून निगेटिव्ह स्टेनची (जड धातूच्या क्षाराने रेणूभोवतीचा भाग रंगवून पाहण्याची) साधी तपासणी न करता नमुना थेट गोठवू नये. साठवणीच्या द्रावणातले ग्लिसरॉल तसेच राहिले, तरी प्रथिन आणि बर्फ यांच्यातला फरक पुसट होतो.

ग्रिड उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये थेट बुडवणे ही जुनी चूक आहे. ग्रिडभोवती नायट्रोजन उकळून वायूचा थर तयार होतो, उष्णता पुरेशा वेगाने निघत नाही आणि पाण्याचे स्फटिक बनतात. नायट्रोजनने थंड केलेल्या द्रवरूप इथेनमध्ये मात्र पाणी काचेसारखे गोठते. नंतरही ग्रिडचे तापमान उणे १३७ अंशांच्या आसपास चढले, तर ही काच स्फटिकात बदलू लागते; त्यामुळे ग्रिड हलवताना चिमटा आधी थंड केलेला असावा.

सर्वाधिक नमुने मात्र हवा आणि पाणी यांच्या सीमेवर वाया जातात, आणि याकडे अजूनही पुरेसे लक्ष दिले जात नाही. पाण्याचा थर इतका पातळ असतो की रेणू गोठण्यापूर्वी पृष्ठभागावर वारंवार आदळतो. मग तो उलगडतो तरी, नाहीतर एकाच बाजूने चिकटून बसतो. द्विमितीय वर्गीकरणात (सारख्या दिसणाऱ्या रेणू-प्रतिमा एकत्र करून सरासरी काढताना) तेच तेच दृश्य दिसू लागले, रेणूचा त्रिमितीय नकाशा एका दिशेला ताणल्यासारखा वाटला, तर त्याच ग्रिडवरून आणखी हजारो प्रतिमा घेऊन उपयोग होत नाही. गोठवण्याच्या अगदी आधी सौम्य डिटर्जंट मिसळून पाहावे किंवा ग्राफीनचा आधार द्यावा. ग्रिड सुमारे ३० अंश कलवूनही न दिसलेल्या बाजूंची उणीव काही प्रमाणात भरून निघते, पण तिरकस मार्गात बर्फ जाड पडत असल्याने प्रतिमांचा दर्जा घसरतो. हा उपाय शेवटचाच समजावा.

विश्लेषणातली धोकादायक चूक म्हणजे संदर्भ-प्रतिमेवर विसंबून कण (प्रतिमेतले एकेक रेणू) निवडणे. निव्वळ गोंगाटाच्या प्रतिमा आइन्स्टाइनच्या छायाचित्राशी जुळवून त्यांची सरासरी काढली, तर त्यातून आइन्स्टाइनच उमटतो, याकडे नोबेलविजेते रिचर्ड हेंडरसन यांनी २०१३ मध्ये लक्ष वेधले होते. विदेचे दोन भाग सुरुवातीपासून वेगळे ठेवून ०.१४३ या निकषावर (दोन्ही भागांच्या नकाशांमधील जुळणीच्या किमान आकड्यावर) काढलेला विभेदनाचा, म्हणजे किती बारीक तपशील दिसतो याचा, आकडाही नकाशाशी ताडून पाहावा : ४ अँगस्ट्रॉमचा (एक अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) दावा असताना प्रथिनातल्या बीटा-पट्ट्यांचे शेजारी-शेजारी असलेले धागे सुटे दिसत नसतील, तर मास्क (रेणूबाहेरचा गोंगाट वगळण्यासाठी नकाशाभोवती आखलेली सीमा) अतिघट्ट झाला आहे का, हे आधी तपासावे.