नगररचनेच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

नगररचनेचे शिक्षण घेऊन येणारे तरुण सहकारी एफएसआय (भूखंडावर किती बांधकाम करता येईल याचे प्रमाण), टीडीआर (जमिनीच्या मोबदल्यात मिणारा, दुसऱ्याला विकता येणारा बांधकामाचा हक्क) आणि जीआयएस (संगणकावरची नकाशा-प्रणाली) यांत तरबेज असतात. परंतु ज्यांच्यासाठी शहर आखायचे ती माणसे दिवसाच्या कोणत्या वेळी कुठे असतात, असे विचारले की अडखळतात. या पेशाचे सामाजिक प्रयोजन समजून घ्यायचे असेल, तर सुरुवात याच प्रश्नापासून करावी. मुंबई विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे पहिले प्राध्यापक म्हणून पॅट्रिक गेडिस या नगररचनाकाराची नेमणूक झाली. आधी पाहणी, मग आराखडा, असा त्यांचा आग्रह असे.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २५ प्रमाणे विकास आराखड्याआधी विद्यमान जमीन वापर नकाशा, म्हणजे आपल्या बोलण्यातला ‘ईएलयू’, तयार करावा लागतो. हे काम हमखास नवख्यांच्या वाट्याला येते आणि कंटाळवाणे समजले जाते. एका तालुक्याच्या गावी नदीकाठचा एक सरकारी भूखंड मंगळवारी पाहिला, तेव्हा तिथे दोन-तीन शेळ्या चरत होत्या आणि जमिनीत ओळीने खळगे दिसत होते. ते खळगे पालांच्या बांबूंचे होते. रविवारी तिथे आसपासच्या खेड्यांचा आठवडे बाजार भरतो. ‘रिकामी जागा’ अशी नोंद झाली असती, तर त्या भूखंडावर वाहनतळाचे आरक्षण सहज पडले असते, म्हणजे आराखड्यात ती जागा वाहनतळासाठी राखून ठेवली गेली असती, आणि भाजी विकणाऱ्या बायकांपैकी कोणी ते नकाशावर वाचून हरकत घेतली असती, असे मला वाटत नाही.

प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर हरकती व सूचनांसाठी ३० दिवस मिळतात आणि त्यानंतर नियोजन समितीपुढे सुनावणी होते. या सुनावण्यांना, कागद हाताळण्यापुरते का होईना, अवश्य बसावे. सातबारा घेऊन येणारे बहुतेक जण जमीनमालक असतात. ज्या मुलांसाठी मैदान ठेवले आहे त्यांच्या वतीने किंवा भाडेकरूंच्या वतीने क्वचितच कोणी येते. मात्र म्हणून मालकाला खलनायक ठरवणे अन्यायाचे आहे, कारण त्याची जमीन वर्षानुवर्षे अडकून पडते आणि मोबदल्याचा पत्ता नसतो. आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर तो याच अधिनियमाच्या कलम १२७ ची नोटीस देऊ शकतो आणि पुढच्या २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. मैदान मग नकाशावरूनही जाते.

त्यामुळे आरक्षण सुचवताना जमीन कोणत्या निधीतून घेणार, हे टिपणीत लिहिण्याची सवय लावून घ्यावी. लहान नगरपालिकांत टीडीआरला गिऱ्हाईक मिळणे कठीण असते, तेव्हा मोबदल्यापोटी टीडीआर देऊ, एवढे लिहून भागत नाही.