थंडरबर्डमध्ये तीन-चार खाती असताना उत्तर योग्य पत्त्यावर कसं येईल

खासगी जीमेल, नोकरीचं खातं आणि सोसायटीच्या सेक्रेटरीचा पत्ता अशी तीन खाती थंडरबर्ड या एकाच ईमेल प्रोग्राममध्ये आली, की दोन प्रकारचे घोळ होतात. एक, सोसायटीच्या कंत्राटदाराला उत्तर जातं ते खासगी पत्त्यावरून. दुसरा, मेल बरोबर पत्त्यावरून जातो, पण त्याचं उत्तर भलत्याच खात्यात येऊन पडतं. दोन्ही वेळा बहुतेक जण सेटिंगमधली 'रिप्लाय-टू'ची चौकट भरून मोकळे होतात. पहिल्या घोळावर तो उपायच नाही. तिथं आयडेंटिटी, म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव, पत्ता आणि सही यांची नोंद, नीट लावावी लागते. रिप्लाय-टू लागतो तो फक्त दुसऱ्या पत्त्यावर उत्तर मुद्दाम हवं असेल तेव्हा.

(मेनूंची नावं पडद्यावर इंग्रजीत दिसतात तशीच, उच्चाराप्रमाणे दिली आहेत.)

कोणती ओळ काय करते

'फ्रॉम'मध्ये मेल कुणाचा ते असतं. 'रिप्लाय-टू' ही लिहिणाऱ्यानं केलेली सूचना असते: उत्तर इकडं पाठवा. ईमेलच्या रचनेसाठीच्या २००८ सालच्या आरएफसी ५३२२ या मानकातही ती सूचना म्हणूनच येते, त्यामुळे समोरचा माणूस 'टू'मधला पत्ता बदलून दुसरीकडं उत्तर पाठवू शकतो. तिसरी ओळ 'रिटर्न-पाथ'. न पोचलेल्या मेलची सूचना (बाउन्स) या पत्त्यावर परत येते, रिप्लाय-टूवर नाही. म्हणून 'रिप्लाय-टू लावला तरी बाउन्स जुन्याच खात्यात येतात' या तक्रारीत बिघाड काहीच नसतो.

ज्या पत्त्यावरून पाठवता त्याच पत्त्यावर उत्तर हवं असेल, तर रिप्लाय-टू रिकामा ठेवा. तिथं तोच पत्ता पुन्हा लिहिल्यानं काही साधत नाही, आणि वर्षभरानं पत्ता बदलला की फ्रॉम बदलला जातो, रिप्लाय-टू तसाच राहून जातो. उत्तरं हरवण्याचं हे फार नेहमीचं कारण आहे.

आयडेंटिटी कुठल्या खात्याखाली जोडायची

उजवीकडच्या तीन रेघांच्या मेनूतून 'अकाउंट सेटिंग्ज' उघडा आणि डाव्या यादीतल्या खात्याच्या नावावर क्लिक करा. समोर येते ती त्या खात्याची मूळ आयडेंटिटी: नाव, ईमेल पत्ता, रिप्लाय-टू, सही. खाली 'मॅनेज आयडेंटिटीज' हे बटण आहे. तिथं 'अ‍ॅड' केलं की त्याच खात्याखाली आणखी एक पत्ता जोडता येतो. त्याला स्वतःची सही, स्वतःचा रिप्लाय-टू आणि स्वतःचा आउटगोइंग सर्व्हर (मेल बाहेर पाठवणारा सर्व्हर) मिळतो.

इथली सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट म्हणजे खात्याची निवड. तुम्ही 'रिप्लाय' दाबता तेव्हा थंडरबर्ड आलेल्या मेलमधले टू आणि सीसी हे पत्ते पाहतो आणि मेल ज्या खात्यात आला त्या खात्याच्या आयडेंटिटींशी जुळवतो. जुळलं नाही, तर त्या खात्याची मूळ आयडेंटिटी घेतो.

आता समजा, सोसायटीच्या पत्त्यावरचे मेल तुमच्या जीमेलमध्ये फॉरवर्ड होतात. सोसायटीचं वेगळं खातं थंडरबर्डमध्ये असलं, तरी हा मेल पडला जीमेलच्या इनबॉक्समध्ये. उत्तर खासगी पत्त्यावरूनच जाणार. उपाय असा: जीमेल खात्याखाली सोसायटीच्या पत्त्याची आयडेंटिटी जोडा. एकच पत्ता दोन खात्यांखाली ठेवायला हरकत नाही. त्यापेक्षा चांगलं म्हणजे फॉरवर्ड बंद करून सोसायटीचं खातं सरळ आयमॅपनं (मेल सर्व्हरवरच ठेवून वाचायच्या पद्धतीनं) जोडणं. मग जुळवाजुळवीचा प्रश्नच राहत नाही.

बीसीसीनं किंवा ग्रुपमार्फत आलेल्या मेलमध्ये तुमचा पत्ता टू-सीसीत नसतोच. त्यासाठी आयडेंटिटीत 'रिप्लाय फ्रॉम धिस आयडेंटिटी व्हेन डिलिव्हरी हेडर्स मॅच' ही खूण आहे (डिलिव्हरी हेडर्स म्हणजे मेल कुठल्या पत्त्यावर पोचवला हे सांगणाऱ्या ओळी). ती करून शेजारच्या चौकटीत ग्रुपचा पूर्ण पत्ता लिहा.

आउटगोइंग सर्व्हर जुळलाच पाहिजे

आयडेंटिटी सोसायटीची आणि सर्व्हर जीमेलचा, अशी जोडी ठेवली तर काय होतं? तो पत्ता जीमेलच्या वेब सेटिंगमध्ये 'सेंड मेल अ‍ॅज'खाली पडताळलेला नसेल, तर जीमेल फ्रॉम बदलून तुमचा जीमेल पत्ता घालतं. तुमच्या पडद्यावर सगळं ठीक दिसतं, समोरच्याला मात्र खासगी पत्ता जातो. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये परवानगी नसलेल्या पत्त्यावरून पाठवलं तर मेल नाकारला जातो. काही सर्व्हर मेल जाऊ देतात, पण डोमेनच्या (पत्त्यातल्या @ नंतरच्या भागाच्या) मालकानं त्या नावानं मेल कोण पाठवू शकतं याचे एसपीएफ-डीमार्क या नोंदींत दिलेले नियम तो मेल पाळत नाही आणि स्पॅममध्ये जाऊ शकतो.

म्हणून प्रत्येक आयडेंटिटीच्या 'आउटगोइंग सर्व्हर' या यादीत त्याच पत्त्याचा सर्व्हर निवडा. सर्व्हर आधी अकाउंट सेटिंग्जच्या डाव्या यादीतल्या आउटगोइंग सर्व्हर भागात जोडलेला असावा लागतो. पोर्ट (सर्व्हरशी जोडणीचा क्रमांक) साधारणपणे ५८७ असेल तर सुरक्षेसाठी स्टार्ट-टीएलएस, ४६५ असेल तर एसएसएल/टीएलएस निवडा. ही जोडी उलटी लावली तर मेल अडकून राहतो. जीमेलसाठी पासवर्डच्या जागी ओऑथ-२ (गूगलच्या पानावर लॉगिन करून परवानगी देण्याची पद्धत) निवडा.

त्याच खिडकीत 'कॉपीज अँड फोल्डर्स' हा टॅबही पाहून घ्या. पाठवलेल्या मेलची प्रत कुठल्या खात्याच्या 'सेंट'मध्ये जाईल हे तिथं ठरतं. सोसायटीचा पत्रव्यवहार खासगी सेंटमध्ये साठत गेला, तर नव्या सेक्रेटरीच्या हाती अर्धाच पत्रव्यवहार लागतो.

रिप्लाय-टू खरंच हवा तिथं

सेक्रेटरीनं स्वतःच्या नावानं लिहायचं, पण उत्तरं समितीच्या सामाईक पत्त्यावर यायला हवीत. कार्यक्रमाची निमंत्रणं एका पत्त्यावरून जातात, नोंदणी दुसरा माणूस सांभाळतो. अशा कामांना रिप्लाय-टू योग्य. हे कायमचं असेल तर त्यासाठी वेगळी आयडेंटिटी करा आणि रिप्लाय-टू तिच्यातच भरा. मूळ आयडेंटिटीत भरलात, तर रोजच्या खासगी मेलची उत्तरंही समितीकडं जातील. मानकाप्रमाणे रिप्लाय-टूमध्ये स्वल्पविरामानं एकाहून जास्त पत्ते देता येतात.

एखाद्याच मेलपुरतं हवं असेल, तर लिहिण्याच्या खिडकीत सीसी-बीसीसीच्या शेजारच्या दुहेरी बाणावर क्लिक करा. त्यातून 'रिप्लाय-टू'ची ओळ उघडते. फ्रॉमच्या यादीतून आयडेंटिटी मध्येच बदलली, तर सही आणि त्या आयडेंटिटीत भरलेला रिप्लाय-टू आपोआप बदलतात. हातानं घातलेला पत्ता मात्र तसाच राहतो. पाठवण्याआधी वरच्या सगळ्या ओळी वाचून घ्या.

मेलिंग लिस्टवर जास्त जपा. काही लिस्ट रिप्लाय-टूमध्ये स्वतःचाच पत्ता घालतात, मग साधा रिप्लायही सगळ्यांना जातो. कुणा एकाला खासगीत लिहायचं असेल, तर टूमध्ये कोण आलंय ते पाहूनच लिहायला सुरुवात करा. अनोळखी मेलच्या बाबतीतही हीच सवय कामी येते: फ्रॉममध्ये बँकेचं नाव आणि रिप्लाय दाबल्यावर टूमध्ये भलताच पत्ता, हे फसवणुकीचं लक्षण असू शकतं. तिथं उत्तर देऊच नका.

तपासणी

थंडरबर्डमध्ये नसलेल्या एखाद्या पत्त्यावर, घरातल्या कुणाच्या जीमेलवर चालेल, प्रत्येक आयडेंटिटीवरून एकेक मेल पाठवा. विषयात आयडेंटिटीचं नाव लिहा. तिकडं ब्राउझरमध्ये मेल उघडून रिप्लाय दाबा, टूमध्ये कोण येतं ते पाहा. मग तीन टिंबांच्या मेनूतून 'शो ओरिजिनल' उघडा. फ्रॉम आणि रिप्लाय-टू या ओळी तिथं दिसतील, आणि वरच्या भागात एसपीएफ, डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही), डीमार्क यांचे निकाल. डीमार्कपुढं 'फेल' असेल तर त्या आयडेंटिटीचा आउटगोइंग सर्व्हर आधी तपासा. तो बरोबर असूनही फेल येत असेल, तर दुरुस्ती डोमेन सांभाळणाऱ्याकडून करून घ्यावी लागेल. थंडरबर्डमध्ये ती होणार नाही.

आता उलट्या दिशेनं तपासा. त्या जीमेलवरून तुमच्या प्रत्येक पत्त्यावर एक मेल पाठवा, थंडरबर्डमध्ये रिप्लाय दाबा आणि फ्रॉममध्ये कोण आलं ते पाहा. फॉरवर्ड होणारे पत्ते आणि ग्रुप यातून वगळू नका, कारण घोळ बहुधा तिथंच सापडतो. थंडरबर्डमध्ये आलेल्या कुठल्याही मेलचा मूळ मजकूर कंट्रोल आणि यू दाबून पाहता येतो.