पीएफ, पेन्शन आणि ग्रॅच्युइटी : कायद्याचे संरक्षण निसटू देणाऱ्या या चुका टाळा

साखर कारखाना डबघाईला आला आहे, गोदामातील साखर बँकेकडे तारण आहे आणि कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीचा भरणा थकला आहे, अशा वेळी त्या साखरेच्या पैशांवर पहिला हक्क कोणाचा, हा प्रश्न महाराष्ट्रातूनच सर्वोच्च न्यायालयात गेला होता. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेच्या प्रकरणात २००९ मध्ये न्यायालयाने निकाल दिला, की पीएफची थकबाकी, तिच्यावरील व्याज आणि विलंबाबद्दलची नुकसानभरपाई यांची वसुली बँकेच्या तारणहक्काच्याही आधी व्हायला हवी. पुढे दिवाळखोरी संहितेनेही पीएफ, पेन्शन आणि ग्रॅच्युइटी फंडातील रक्कम कंपनीच्या विक्रीला काढायच्या मालमत्तेतून वगळली. कामगाराच्या स्वतःच्या कर्जापोटी त्याच्या पीएफ खात्यातील शिलकेवर न्यायालयाच्या हुकूमनाम्यानेही जप्ती येत नाही, आणि ‘तुझी उचल बाकी आहे, ती पीएफमधून वळती करतो’ असे मालकाला म्हणता येत नाही.

संरक्षण एवढे भक्कम असले, तरी ते चालते नोंदींवर, आणि नोंदी आपण तपासतो निवृत्तीला दोन महिने उरल्यावर. बहुतेक चुका या एकाच सवयीतून होतात.

पगारपत्रकावर कपात दिसली म्हणजे भरणा झाला, असे समजणे

पगारपत्रकावरील कपात हा भरण्याचा पुरावा नव्हे. मालकाने कामगाराचा आणि स्वतःचा असे दोन्ही हिस्से पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे असतात, त्यामुळे दर तिमाहीला यूएएनने (पीएफ सदस्याच्या कायमच्या खाते क्रमांकाने) पासबुक उघडून प्रत्येक महिन्याची ओळ पाहावी. एखादा महिना गाळलेला दिसला, तर ईपीएफओच्या, म्हणजे पीएफचा कारभार पाहणाऱ्या सरकारी संघटनेच्या, संकेतस्थळावर आस्थापना शोधून त्या महिन्यात भरणा झाला का, किती रकमेचा आणि किती कामगारांचा, हे पाहता येते. भरणा चाळीस जणांचा आणि कामावर साठ जण, असा प्रकार तिथे उघडा पडतो. कामगाराच्या पगारातून कापलेला हिस्सा न भरणे हा केवळ हिशेबातला घोळ नसून फौजदारी विश्वासघात ठरू शकतो, म्हणून लेखी तक्रार करताना पगारपत्रके आणि पासबुकाची पाने दोन्ही जोडावीत.

इथे मुदतीचे भान हवे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार, वाद उद्भवल्यापासून पाच वर्षे उलटल्यावर थकबाकी ठरवण्याची चौकशी सुरू करता येत नाही. ‘रिटायर झाल्यावर बघू’ म्हणणाऱ्याचा जुना हक्क त्यामुळे बुडू शकतो. कंत्राटी कामगारांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : कंत्राटदार पळून गेला, तरी ज्याच्या आवारात काम केले त्या मुख्य मालकाची जबाबदारी संपत नाही. तो हात झटकेल, हे गृहीत धरून गेटपास आणि हजेरीच्या छायाप्रती जपून ठेवाव्यात.

नोकरी बदलताना पेन्शनचे पैसे काढून घेणे

माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच. मालक पगाराच्या १२ टक्के हिस्सा भरतो, त्यापैकी ८.३३ टक्के कर्मचारी पेन्शन योजनेत जातात. पगाराची मर्यादा १५,००० रुपये असल्याने ही रक्कम सहसा महिना १,२५० रुपयांहून अधिक नसते. रक्कम लहान दिसते, म्हणून दोन-तीन वर्षांनी नोकरी सोडताना माणूस फॉर्म १०सी भरून ती काढून घेतो आणि त्याबरोबर ती सेवाही पुसली जाते. मासिक पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते, आणि साडेनऊ वर्षे झाली तरी ती दहा धरली जातात. हिशेबाचे सूत्र असे : पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०. १५,००० रुपये पगारावर दहा वर्षांचे साधारण २,१४३ रुपये होतात. वीस वर्षे पूर्ण केल्यास दोन वर्षांची जास्तीची भर मिळते, म्हणजे २२ वर्षे धरून ५८व्या वर्षी साधारण ४,७१४ रुपये. मधल्या काळात पैसे काढण्याऐवजी खाते नव्या नोकरीत वर्ग करावे किंवा झालेल्या सेवेची नोंद टिकवणारे योजना प्रमाणपत्र घ्यावे. वर्ग केल्यावर नव्या पासबुकात पेन्शनच्या रकान्यात शून्य दिसले, तरी घाबरू नये. त्या योजनेत पैसे नव्हे, तर सेवा पुढे जाते.

उलट बाजूची एक चूक मालकाच्या कार्यालयाकडून होते. १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदाच पीएफमध्ये आलेल्या आणि मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १५,००० रुपयांहून अधिक असलेल्या कर्मचाऱ्याला पेन्शन योजनेत घेता येत नाही, तरी त्याच्या नावे पेन्शनचा हिस्सा भरला जातो आणि दावा पुढे अडकतो. असा हिस्सा दिसला, तर नोकरीत असतानाच दुरुस्ती करून घ्यावी.

नाव, तारीख आणि नॉमिनेशन

आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर शेवटी आणि पीएफमध्ये वडिलांचे नाव गाळलेले, असा प्रकार नेहमीचाच. विवाहित स्त्रियांच्या बाबतीत तर एका कागदावर माहेरचे नाव आणि दुसऱ्यावर सासरचे असते. संगणकाला ही दोन माणसे वाटतात. मालकासह संयुक्त घोषणापत्र देऊन हे जुळवावे. जुन्या नोकरीची सोडल्याची तारीख कोरी असेल, तर दोन महिन्यांनंतर ती पोर्टलवर स्वतः भरता येते.

नॉमिनेशनचे मात्र विसरू नका. कुटुंब नसताना आईच्या किंवा भावाच्या नावे केलेले पीएफचे नॉमिनेशन लग्नानंतर रद्दबातल ठरते आणि नवे करावे लागते. ते केले नाही, तर पत्नीला वारसाचे कागद गोळा करत फिरावे लागते.

ग्रॅच्युइटी ‘दिली तर दिली’ समजणे

ग्रॅच्युइटी ही बक्षिसी नाही. पाच वर्षांची सलग सेवा झाली की तो हक्क होतो, मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाच्या प्रसंगी पाच वर्षांचीही अट नसते, आणि नव्या संहितेत ठरावीक मुदतीच्या कामगाराला एका वर्षानंतरही ती मिळते. शेवटचा मासिक पगार गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षे, असा हिशेब होतो. म्हणजे पगार २६,००० रुपये असेल, तर दर वर्षाला १५,००० रुपये. सेवा नऊ वर्षे सात महिन्यांची असेल, तर सहा महिन्यांहून अधिकचे वर्ष पूर्ण धरून दहा वर्षांचे दीड लाख रुपये होतात. कायद्याने मिळणाऱ्या रकमेची कमाल मर्यादा २० लाख रुपये आहे.

नोटीस न देता नोकरी सोडली, एवढ्यावरून ग्रॅच्युइटी अडवता येत नाही. कामावरून काढण्याचे कारण मालमत्तेचे नुकसान, दंगामस्ती किंवा नैतिक अधःपतनाचा गुन्हा असे असेल, तरच ती काही अंशी किंवा पूर्ण रोखता येते, आणि नुकसानीच्या प्रकरणात तर नुकसानीपुरतीच. रक्कम देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यायची असते, उशीर झाल्यास व्याजासह. त्यामुळे ‘फुल अँड फायनल’च्या कागदावर ‘कोणतीही बाकी नाही’ असे छापलेले असेल, तर ग्रॅच्युइटीचा आकडा स्वतंत्रपणे लिहिलेला आहे का, हे आधी पाहावे. नसेल, तर सहीच्या वर ‘ग्रॅच्युइटी मिळालेली नाही’ असे स्वतःच्या हाताने लिहून सही करावी आणि त्या पानाचा फोटो तिथल्या तिथे काढून ठेवावा.