सोलापूर सोडून दुसऱ्या शहरात नोकरीला जावे का : निर्णयाआधीचा हिशेब

पुण्याहून नोकरीचे पत्र आले की सोलापुरातल्या घरात पहिला प्रश्न पगाराचा विचारला जातो आणि दुसरा प्रश्न बहुधा कोणी विचारतच नाही. आज आपण जे घर चालवतो, ते आपण गेल्यावर कोण चालवणार आणि किती पैशांत, हा तो दुसरा प्रश्न होय. शहर बदलताना दोन पगारांची तुलना करून भागत नाही. आजच्या पगारावर चालणारी एक चूल आणि उद्याच्या पगारावर चालवाव्या लागणाऱ्या दोन चुली यांची तुलना करावी लागते. येथे उदाहरणे मुख्यतः पुण्याची घेतली आहेत, कारण सोलापूरकरांची पहिली धाव तिकडेच असते. हैदराबाद किंवा बंगळूरच्या बाबतीत जे निराळे आहे, ते ओघात सांगितले आहे.

पत्रावरचा आकडा आणि हाती येणारी रक्कम

नेमणूकपत्रात वर्षाचा जो मोठा आकडा असतो, तो कंपनीला आपल्यावर होणारा खर्च असतो, आपला पगार नव्हे. समजा, हा आकडा ६ लाख ६० हजार, म्हणजे महिन्याला ५५ हजार आहे आणि त्यात मूळ वेतन निम्मे, म्हणजे २७,५०० रुपये आहे. कंपनीने भरायचा भविष्यनिर्वाह निधीचा १२ टक्के हिस्सा, म्हणजे ३,३०० रुपये, ग्रॅच्युइटीसाठी धरलेले मूळ वेतनाचे ४.८१ टक्के, म्हणजे सुमारे १,३२० रुपये, आणि कामगिरीवर अवलंबून असलेले वर्षाचे ६० हजार, म्हणजे महिन्याला ५,०००, हे सारे बहुतेक वेळा त्या ५५ हजारांतच मोजलेले असते. उरलेल्या रकमेतून आपला स्वतःचा ३,३०० रुपयांचा निधी आणि २०० रुपये व्यवसाय कर कापला गेला की हाती ४२ हजारांच्या आसपास रक्कम येते. निधीचे पैसे आपलेच असतात, ते बुडत नाहीत. परंतु घरमालक ते भाड्यापोटी घेत नाही. म्हणून होकार कळवण्यापूर्वी मनुष्यबळ विभागाकडून महिन्याच्या वेतनचिठ्ठीचा नमुना मागून घ्यावा. तो मागण्यात कसलाही संकोच नसावा.

आता याच कुटुंबाचे दोन महिने शेजारी मांडून पाहू. आकडे गृहीत धरलेले आहेत, ते प्रत्येकाने आपापले भरावेत. सोलापुरात वडिलांच्या घरात राहून हाती २८ हजार येतात. किराणा, दूध आणि भाजीला १२ हजार, वीज, गॅस आणि इंटरनेटला २,५००, पेट्रोलला दीड हजार असे १६ हजार जातात आणि १२ हजार उरतात. पुण्यात ४२ हजारांतून भाडे १६ हजार, किराणा व भाजीपाला ७ हजार, प्रवास ३,५००, वीज, गॅस आणि इंटरनेट २,५००, सोलापूरच्या घरासाठी पाठवायचे ५ हजार आणि ये-जा करण्याचे ३ हजार असे ३७ हजार जातात. उरतात ५ हजार. पगार दीडपट झाला आणि शिल्लक निम्म्याहून कमी झाली.

याचा अर्थ जाऊ नये असा नाही. मात्र या कुटुंबाने जायचे ठरवले, तर ते आजच्या पैशासाठी जात नसून पाच वर्षांनंतरच्या पदासाठी जात आहे, हे त्याला स्वतःशी स्पष्टपणे कबूल करता आले पाहिजे. तसे असेल, तर नव्या जागेत नेमके कोणते काम शिकायला मिळणार आहे, याची चौकशी पगाराच्या चौकशीपेक्षा अधिक बारकाईने व्हावी. पती-पत्नी दोघेही नोकरी करणार असतील, तर सगळे गणितच पालटते, कारण भाडे एकच राहते आणि पगार दोन होतात. सोलापुरात शिक्षण, बँक आणि रुग्णालये वगळता शिकलेल्या स्त्रीला मनाजोगे काम मिळणे अवघड जाते, आणि माझ्या मते अनेक कुटुंबांच्या बाबतीत शहर बदलण्याचे सर्वांत बळकट कारण हेच असते. तरीही ते यादीत शेवटी लिहिले जाते.

एका भोंग्याचे गाव

आणखी एक चौकशी सोलापूरकराने तरी चुकवू नये. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी या शहराचा पूर्व भाग वसवला, म्हणजे कामासाठी गाव सोडणे येथे नवे नाही. पण याच शहराने जुनी गिरणी, लक्ष्मी-विष्णू आणि नरसिंग गिरजी या गिरण्यांचे भोंगे एकेक करून बंद पडतानाही पाहिले. गिरणी गेली, तेव्हा विणकामातले कसब कामगाराच्या हातात तसेच होते. ते विकत घेणारे दुसरे दार तेवढे उरले नव्हते. म्हणून ज्या शहरात जायचे, तेथे आपल्या कामाला आणखी किती ठिकाणी मागणी आहे, हे नोकरीच्या संकेतस्थळांवर आणि ओळखीच्या माणसांकडून आधीच पाहून ठेवावे. ही नोकरी सहा महिन्यांत सुटली, तर त्याच शहरात दुसरी मिळेल की पुन्हा बिऱ्हाड उचलावे लागेल, याचे उत्तर पगाराच्या फरकापेक्षा मोलाचे आहे. मोठ्या शहराचा खरा लाभ तेथील एखाद्या मोठ्या कंपनीत नसतो, तर त्या कंपनीच्या आसपास असलेल्या दहा लहान कंपन्यांत असतो.

घर कोठे घ्यावे

पुण्यात आलेला सोलापूरकर पुष्कळदा हडपसर, मांजरी किंवा शेवाळेवाडीच्या बाजूला घर पाहतो. ओळखीची माणसे तिकडे असतात, आणि सोलापूर रस्त्यावरच असल्यामुळे गावी जाणारी गाडी दारातून मिळते. कार्यालय मगरपट्टा किंवा खराडीला असेल, तर ही निवड उत्तम आहे. कार्यालय हिंजवडीला असेल, तर मात्र महिन्यातून दोनदा गावी जाणे सोपे व्हावे म्हणून महिन्यातले बावीस दिवस शहर आडवे ओलांडण्याची शिक्षा आपण स्वतःला करून घेतो. गर्दीच्या वेळी जाण्यायेण्यात रोज तीन तास गेले, तर महिन्याला ६६ तास होतात, म्हणजे आठ तासांचे आठ दिवस. विजापूर रस्त्यावरून अक्कलकोट रस्त्याच्या औद्योगिक वसाहतीत अर्ध्या तासात पोहोचणाऱ्या माणसाला या आकड्याचा अर्थ कागदावर कळत नाही. त्यासाठी रजा काढून सोमवार ते शुक्रवार तेथे राहावे, जमल्यास पावसाळ्यात, आणि ज्या घराचा विचार आहे तेथून कार्यालयाच्या वेळेला प्रत्यक्ष जाऊन-येऊन पाहावे. रविवारी दुपारी पाहिलेले पुणे हे निराळेच शहर असते.

घर पाहताना पाण्याविषयी विचारावे. सोलापूरकराला चार-पाच दिवसांआड पाणी भरण्याची सवय असते, त्यामुळे नळाला रोज पाणी येते एवढे ऐकूनच तो सुखावतो आणि पुढचे विचारत नाही. वाघोली, उंड्री यांसारख्या उपनगरांत अनेक सोसायट्या टँकरवर चालतात आणि त्याचा खर्च देखभाल शुल्कातून वसूल होतो. ‘टँकर वर्षातले किती महिने येतो आणि त्याचे पैसे कोण देतो’ हे विचारले की घरभाड्याचा खरा आकडा समजतो. भाडेकरार अकरा महिन्यांचा असला, तरी महाराष्ट्रात त्याची नोंदणी बंधनकारक आहे. मुदतीपूर्वी घर सोडल्यास अनामत रकमेतून किती कापले जाईल, हे कलम सही करण्याआधी वाचून घ्यावे, कारण नव्या नोकरीतला परिवीक्षेचा काळ आणि कराराचा बांधील काळ बहुधा एकाच वेळी चालू असतो.

मागे राहणारे घर

या भागावर सर्वांत कमी बोलले जाते, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो. वृद्ध आई-वडील सोलापुरात राहणार असतील, तर त्यांचा आठवडा नीट पाहावा. पाणी अपरात्री आले, तर मोटार कोण चालू करते? टाकी भरली का, हे पाहायला जिना कोण चढते? गॅसची टाकी कोण बसवते, बँकेत आणि दवाखान्यात सोबत कोण जाते? ही कामे आज आपण नकळत करतो, म्हणून त्यांची किंमत दिसत नाही. प्रत्येक कामापुढे एका माणसाचे नाव लिहावे, आणि ज्या कामापुढे नाव सुचत नाही, तेथे पैसे लिहावेत. वर सोलापूरच्या घरासाठी धरलेले ५ हजार या यादीतून आले आहेत, मायेने पाठवायच्या रकमेतून नव्हे. रात्री छातीत दुखू लागले, तर पहिल्या अर्ध्या तासात दारात कोण पोहोचेल, हा प्रश्न अप्रिय आहे, परंतु तो आई-वडिलांसमोर बसूनच सोडवावा आणि त्या शेजाऱ्याला किंवा नातेवाइकाला तसे स्पष्ट सांगून ठेवावे.

त्यांना सोबत न्यायचे ठरले, तरी प्रश्न संपत नाही. सकाळी सिद्धेश्वराचे दर्शन, वाटेत चार ओळखीची माणसे आणि दुपारी ओट्यावरच्या गप्पा, यावर ज्यांचा दिवस उभा आहे, त्यांना सातव्या मजल्यावरच्या बंद दारामागे बसवणे ही सेवा नव्हे. एक महिना राहून पाहायला न्यावे आणि मग त्यांनाच विचारावे.

अंतराबाबत मात्र सोलापूर सुदैवी आहे. पुणे रस्त्याने सुमारे २५० किलोमीटर आणि हैदराबाद सुमारे ३०० किलोमीटर, दोन्ही एकाच राष्ट्रीय महामार्गावर. सकाळी सोलापूरहून सुटून संध्याकाळी पुण्याहून परतणारी हुतात्मा एक्सप्रेस आहे आणि फेब्रुवारी २०२३ पासून मुंबईची वंदे भारतही पुण्यावरून जाते. पूर्व भागातल्या तेलुगू भाषक कुटुंबांना तर हैदराबाद भाषेने आणि नात्यागोत्याने पुण्याहून जवळचे वाटू शकते, त्यांनी केवळ सगळे जातात म्हणून पुणे धरू नये. बंगळूर दुपटीहून अधिक लांब आहे, तेथून शनिवारी येऊन रविवारी परतण्याचा बेत करू नये.

सणांचेही पाहून ठेवावे. वर्षातले कोणते पाच दिवस आपल्याला सोलापुरात असलेच पाहिजेत, ते लिहावेत आणि कंपनीच्या सुट्ट्यांच्या यादीशी ताडून पाहावेत. गणपती-दिवाळी बहुतेकांना मिळते; संक्रांतीच्या सुमारास गड्ड्याच्या यात्रेतला अक्षता सोहळा बाहेरच्या व्यवस्थापकाला ठाऊकही नसतो, त्याची रजा डिसेंबरातच मागावी लागते.

मुले आणि कागदपत्रे

राज्याबाहेर जाणाऱ्यांनी मुलांच्या इयत्तेकडे विशेष लक्ष द्यावे. महाराष्ट्रातील वैद्यकीय महाविद्यालयांत राज्याच्या कोट्यातून प्रवेश घ्यायचा, तर अधिवासाबरोबरच दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून उत्तीर्ण असण्याची अट सर्वसाधारणपणे लागू होते, आणि तिचे अपवाद मोजकेच आहेत. मुलगी आठवीत असताना हैदराबादला जाणारे कुटुंब ही अट विसरले, तर त्याची आठवण चार वर्षांनी होते. वाहनाचे सोपे आहे : राज्यातल्या राज्यात एमएच-१३ ची पाटी चालते, मात्र दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ वाहन ठेवायचे, तर नोंदणी तिकडची करून घ्यावी लागते.

एकदम सगळे घर हलवण्यापेक्षा नोकरी लागलेल्याने आधी एकट्याने जावे, परिवीक्षेचे सहा महिने खोली घेऊन काढावेत आणि कुटुंबाने शैक्षणिक वर्ष संपल्यावर निघावे. या काळात सोलापूरचे घर भाड्याने देऊ नये, गॅसची जोडणी आणि शिधापत्रिका हलवू नये. नोकरीत कायम केल्याचे पत्र हाती पडले, वर मांडलेला महिन्याचा हिशेब सहा महिन्यांच्या खऱ्या खर्चाने दुरुस्त करून पाहिला आणि तरीही जावेसे वाटले, की मग शाळेत जाऊन मुलांचे दाखले काढावेत. नव्या शाळेने प्रवेश लेखी कळवल्याशिवाय मात्र जुन्या शाळेत दाखल्याचा अर्ज देऊ नये, कारण बाकी सारे मागे घेता येते, पण भरलेल्या तुकडीत सोडलेली जागा परत मिळेलच असे नाही.