स्वस्तातलं छोटं व्हिंटेज कार किट घ्यावं का? घ्या, पण या चुका टाळा

१/३२ स्केलची (खऱ्या गाडीच्या बत्तिसाव्या भागाएवढी), सुटे प्लास्टिक पार्ट जोडून बनवायची जुन्या गाड्यांची किट, म्हणजे एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीची १९१२ची फोर्ड मॉडेल टी, १९११ची रोल्स-रॉइस वगैरे, स्वस्त आहेत म्हणून बरेच जण हातच लावत नाहीत. मला विचाराल तर नवीन माणसाने आधी हीच बनवावीत. तयार झालेली मॉडेल टी जेमतेम चार इंच भरते, पार्ट मोजके असतात, आणि बिघडली तरी खिशाला चटका बसत नाही. फक्त मूळ साचे १९५०-६०च्या दशकातले आहेत हे लक्षात ठेवून बॉक्स उघडा.

सगळ्यात जास्त वाट लागते ती चाकांची. जुन्या साच्याच्या फटीतून प्लास्टिक बाहेर येऊन कडेला पातळ पापुद्रा राहतो, त्याला फ्लॅश म्हणतात, आणि तो नेमका स्पोक्सच्या मधल्या जागेत बसतो. लोक चाक फ्रेमवरून (पार्ट ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावरून) मुरगाळून काढतात, मग सँडपेपर घासतात, की झालं, स्पोक तुटला. चाक फ्रेमला चिकटलेलं असतानाच नव्या ब्लेडच्या टोकाने पापुद्रा हलकेच खरवडून काढा, मग कटरने थोडं लांबून कापा आणि उरलेला खुंट नंतर साफ करा. याला वेळ लागतो, पण या गाड्यांचं सगळं रूप चाकांत असतं, तिथे घाई नकोच.

गाडीच्या पारदर्शक काचेच्या पार्टला सुपरग्लू लावू नका, त्याच्या वाफेने पांढरा धुरकट थर येतो आणि तो सहज जात नाही. काचेला फेविकॉल लावा, सुकला की पारदर्शक होतो. बाकी पार्टना प्लास्टिक सिमेंटच (मॉडेलचा खास गोंद), तेही अगदी थोडं, कारण ते प्लास्टिक वितळवूनच जोडतं, जास्त झालं की पार्ट मऊ पडतो. रंगाआधी पार्ट भांड्याच्या साबणाने धुवा, साच्यातलं तेल राहिलं तर रंग धरत नाही.

गाडी तीन चाकांवर उभी राहते, चौथं हवेत? चॅसिस, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, पिळलेली असते. जोडायच्या आधी ती सपाट काचेवर ठेवून बघा, पिळ असेल तर गरम (उकळत्या नाही) पाण्यात थोडा वेळ ठेवून हाताने सरळ करा, आणि चाकं बसवताना सिमेंट सुकेपर्यंत गाडी त्याच काचेवर राहू द्या.

आता रंग, इथे भले भले चुकतात. मॉडेल टी म्हणजे काळीच असं समजून १९१२ची गाडी काळी रंगवतात, पण फक्त काळा रंग हे धोरण १९१४ ते १९२५ या काळातलं, १९१२ला गर्द निळा जास्त बरोबर. रेडिएटरची चौकट पण काळी नको, १९१६पर्यंत ती पितळेची होती. आणि टायर! रबरात कार्बन ब्लॅक (काजळीसारखी काळी पूड) सर्रास वापरायला लागायच्या आधीचे टायर पांढरट-राखाडी दिसायचे, त्यामुळे इतक्या जुन्या गाडीला कुळकुळीत काळे टायर लावले की ती लगेच खेळण्यातली वाटते, फिकट राखाडी देऊन बघा, फरक तुम्हालाच कळेल.

कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात स्प्रे मारू नका, हवेतल्या दमटपणाने लॅकरवर (पटकन सुकणाऱ्या स्प्रे रंगावर) पांढुरकी झाक येते. ब्रशने केलंत तर चालेल.

कधी घेऊ नये तेही सांगतो. जुना, उघडलेला बॉक्स घेताना विकणाऱ्याकडून सगळ्या फ्रेमचे फोटो मागवा, चाक किंवा रेडिएटर गायब असेल तर सोडून द्या, सुटा पार्ट मिळवता मिळवता दुसरं किट आलं असतं. आणि परदेशातून एकटं किट मागवू नका, शिपिंगच किटपेक्षा महाग पडू शकतं, दोघातिघांनी मिळून ऑर्डर टाका.